देठाचे पेले

पेय धरून ठेवणे हे पेल्याचे काम. त्या हिशेबाने या पुस्तकाचा नायक अगदीच बिनकामाचा ठरतो. वाइनच्या पेल्याचा देठ काही साठवत नाही. पेला पडला की बहुधा तोच मोडतो, कपाटात उंची तोच अडवतो आणि भांडी घासणाऱ्याच्या जिवाला घोरही तोच लावतो. तरीही युरोपातल्या काचकारागिरांनी गेली साडेपाचशे वर्षे या बोटभर भागासाठी आपले कसब पणाला लावले. त्यात हवा कोंडली, पांढऱ्या काचेचे धागे पिळले, सापांची वेटोळी घातली, पोकळ गाठीत चांदीची नाणीसुद्धा बंद केली.

एवढा खटाटोप कशासाठी, याचा माग काढताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वाटीचा आकार बव्हंशी पेयाने ठरवला. देठाचा आकार ठरवायला मात्र पेय सोडून बाकी सगळे पुढे सरसावले. भट्टीत कुठले सरपण जळते, सरकार कशावर कर लावते, पेला यजमान भरतो की नोकर आणून देतो, कुठल्या राजाचे नाव उघडपणे घेता येत नाही, या सगळ्यांच्या खुणा देठावर उमटल्या. म्हणून जुना पेला हातात आला की जाणकाराची नजर आधी देठावर जाते. या पुस्तकाची मांडणीही याच क्रमाने केली आहे.

आधी शब्दांची व्यवस्था लावू. या पेल्याचे भाग तीन. समई डोळ्यांसमोर आणली की त्यांना नावे आपोआप सुचतात: खाली बैठक, मध्ये दांडा, वर वाटी. यांतल्या ‘दांड्या’ऐवजी मी ‘देठ’ घेतला आहे, कारण हा भाग पुष्कळदा वाटीच्याच तापलेल्या काचेतून ओढून काढलेला असतो आणि तिच्याशी एकजीव असतो. देठावरच्या फुगवट्याला ‘गाठ’ म्हटले आहे. अनेक गाठींचा, जिन्याच्या कठड्यातल्या घाटदार खांबासारखा देठ असेल तर रूढ झालेला ‘बॅलस्टर’ हाच शब्द ठेवला आहे. ‘ग्लास’ टाळला, कारण आपल्याकडे ग्लास स्टीलचाही असतो. ‘चषक’ अमरकोशात पानपात्राच्या अर्थाने आहे खरा, पण आजच्या मराठीने तो क्रीडांगणाला देऊन टाकला आहे. विश्वचषकातून कोणी पीत नाही. फारसीतून येऊन घरोघरी रुळलेला ‘पेला’ काचेला चालतो आणि पितळेलाही. त्याच्यामागे ‘देठाचा’ लावला की काम भागते.

देठ हा काचेचा शोध नव्हे. नर्मदेच्या काठी, महेश्वरच्या समोर, नावडातोली येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी १९५० च्या दशकात उत्खनन केले. तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या थरांत उंच बैठकीवर उभे असलेले मातीचे पेले मिळाले. सांकलियांना त्यांत इराणमधल्या प्राचीन भांड्यांशी साम्य दिसले आणि भारत व पश्चिम आशिया यांच्या संबंधांचा प्रश्न त्यांनी या घाटाच्या आधारे उभा केला. मातीनंतर धातू आला. ख्रिस्ती उपासनेत वेदीवर ठेवला जाणारा, गोव्यातल्या चर्चमध्ये आजही दिसणारा पेला देठाचाच असतो आणि त्या देठावर ठसठशीत गाठ असते. विधीच्या एका टप्प्यापासून धर्मगुरूला अंगठा आणि तर्जनी जुळवून ठेवावी लागत असे. उरलेल्या बोटांनी पेला घट्ट धरायला ही गाठ उपयोगी पडे. लॅटिनमधल्या ‘कालिक्स’वरून इटालियन ‘कालिचे’, जर्मन ‘केल्श’, पोर्तुगीज ‘कालिसि’ असे शब्द निघाले आणि पुढे काचेच्या पेल्यालाही तेच लागू झाले. काचेने धातूचा घाट उचलला, त्याबरोबर गाठही आली.

काचेची खरी गोष्ट व्हेनिसपासून सुरू होते. आगीच्या भीतीने तिथल्या सत्तेने १२९१ मध्ये काचभट्ट्या शहरातून हलवून मुरानो बेटावर नेल्या. पंधराव्या शतकाच्या मध्यावर आंजेलो बारोव्हिएर या कारागिराच्या हाती जवळजवळ रंगहीन अशी काच लागली. स्फटिकाची आठवण करून देणारी म्हणून ती ‘क्रिस्तालो’. आपल्याकडे ‘बिलोरी’ म्हणतात, तीच कल्पना. तिच्यासाठी तिचिनो नदीतले पांढरे गोटे लागत आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरून येणारी वनस्पतींची क्षारयुक्त राख लागे. ही काच पातळ फुंकता येई, गरम असताना चिमट्याने ओढून तिचे पंख, फुले, साप करता येत. साच्यात फुंकून सिंहमुखांचे पोकळ देठही तिथेच झाले. मुरानोच्या कारागिरांना देशाबाहेर जायला बंदी होती आणि ती मोडून ते जातच राहिले. अँटवर्प, लंडन, नेदरलँड्स अशा ठिकाणी त्यांनी ‘व्हेनिसच्या धर्तीची’ काच बनवायला सुरुवात केली. त्या काळातला एखादा पंखांचा देठ मुरानोत झाला की अँटवर्पमध्ये, हे आजही अनेकदा ठामपणे सांगता येत नाही.

आल्प्सच्या उत्तरेला मात्र दुसरीच परंपरा चालत होती. तिथल्या भट्ट्या जंगलात असत. सरपण आणि राख दोन्ही झाडांचीच, आणि वाळूतल्या लोहामुळे काच हिरवी. त्या काचेचा सर्वांत प्रसिद्ध पेला म्हणजे ‘रोमर’. हार्लेमच्या पीटर क्लास आणि विलेम हेडा यांच्या सतराव्या शतकातल्या स्थिरचित्रांत लिंबाची सोललेली साल आणि शिंपल्यांशेजारी तो हमखास दिसतो. त्याचा देठ जाड, पोकळ आणि वाटीला आतून उघडा असल्याने वाइन देठातही उतरते. बाहेरून काचेचे थेंब चिकटवून त्यांवर रासबेरीसारखे ठसे उठवलेले असतात. काट्या-चमच्यांचा फारसा रिवाज नसलेल्या पंगतीत तुपकट बोटांतून पेला निसटू नये, असा त्यांचा उपयोग सांगितला जातो.

या पुस्तकाचा मोठा भाग इंग्लंडला दिला आहे, कारण देठावर बाहेरच्या जगाचा हात कसा पडतो हे तिथे सर्वांत स्पष्ट वाचता येते. १५७५ मध्ये राणी एलिझाबेथने जाकोपो व्हेर्झेलिनी या व्हेनिशियन माणसाला लंडनमध्ये व्हेनिसच्या धर्तीचे पेले बनवण्याचा २१ वर्षांचा मक्ता दिला. १६१५ मध्ये काचभट्टीत लाकूड जाळायला बंदी आली, कारण ते जहाजबांधणीसाठी हवे होते. भट्ट्यांत दगडी कोळसा आला. त्याच्या धुराने काच काळवंडू नये म्हणून झाकलेल्या मुशी वापरात आल्या. तरी उंची माल व्हेनिसहूनच येत राहिला. लंडनचे काचविक्रेते जॉन ग्रीन यांनी १६६७ ते १६७२ या काळात व्हेनिसच्या मोरेल्ली नावाच्या व्यापाऱ्याला लिहिलेली पत्रे आणि सोबत पाठवलेली पेल्यांची रेखाटने ब्रिटिश लायब्ररीत जपलेली आहेत. ती पाहताना गंमत वाटते. मुरानोची ख्याती पंखांच्या आणि सापांच्या देठांसाठी, आणि ग्रीन यांना हवे होते साधे, आखूड, एखाद्या गाठीचे देठ. माल फुटका येतो, काच स्वच्छ नसते, अशा तक्रारीही पत्रांत आहेत. कुठल्या पेयाला कुठला पेला याची वाटणीही ग्रीन यांच्या मागणीत दिसते: गोड स्पॅनिश वाइनचा लहान, फ्रेंच वाइनचा त्याहून मोठा, बिअरचा सर्वांत मोठा. वाटी पेयाप्रमाणे बदलते, देठ मात्र ग्राहकाच्या आवडीचा.

ग्रीन यांची शेवटची पत्रे गेली आणि दोनच वर्षांत चित्र पालटले. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट हे मूळचे व्यापारी. व्हेनिसमध्ये राहून आलेले. त्यांना १६७४ मध्ये बिलोरी काचेचे सात वर्षांचे पेटंट मिळाले. पहिल्या मालाला ‘काचरोग’ झाला: मिश्रणाचे प्रमाण चुकल्याने काचेवर आपोआप बारीक तड्यांचे जाळे पसरे आणि ती धुरकट होई. मिश्रणात शिशाचे ऑक्साइड वाढवल्यावर ती सावरली, आणि दोष गेल्याची खात्री म्हणून पेल्यांवर रेव्हन म्हणजे डोमकावळ्याच्या डोक्याची मोहोर उमटू लागली. शिशाची काच जड, प्रकाश अधिक वाकवणारी आणि टिचकी मारली की खणखणणारी. व्हेनिशियन काचेसारखी पापुद्र्याइतकी पातळ फुंकण्यापेक्षा ती जाडजूड ठेवण्यात तिचे तेज जास्त खुलते. त्यामुळे पंख आणि साप मागे पडले आणि १६९० च्या सुमारास भरीव, वजनदार बॅलस्टर देठांचा काळ सुरू झाला. घाट बदलला तो काचेच्या स्वभावामुळे.

पुढचा हात सरकारचा. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागवायला ब्रिटिश पार्लमेंटने १७४५ मध्ये काचेवर वजनाप्रमाणे अबकारी कर बसवला. कर आला आणि देठ बारीक झाले, असे सोपे सूत्र अनेक ठिकाणी छापलेले असते. ते तसेच्या तसे घेता येत नाही, कारण हलक्या देठांची आवड त्याआधीच सुरू झाली होती आणि हवेच्या पिळाचे देठ १७३० च्या दशकापासून होत होते. काचेच्या गोळ्याला टोचे मारायचे, वरून काच चढवून त्यांत हवा कोंडायची, मग गोळा ओढून पिळायचा, की देठात चंदेरी दोऱ्या उतरतात. कराने हा कल पक्का केला. ज्या काळात वजन महाग झाले, त्या काळात कारागीर हवा विकायला शिकला! त्यानंतर पांढऱ्या काचेच्या धाग्यांचे पिळाचे देठ आले. १७७७ मध्ये कर दुप्पट झाला आणि त्या पांढऱ्या काचेलाही लागू झाला, तेव्हा कारागीर देठाला बाहेरून पैलू पाडू लागले. आयर्लंडमध्ये हा कर नव्हता. १७८० मध्ये आयरिश मालाला परदेशी व्यापार मोकळा झाला आणि १७८३ मध्ये वॉटरफर्डचा कारखाना निघाला, तो जाड काचेचे खोल कापकाम करू शकला ते याच सवलतीवर. १८२५ मध्ये आयर्लंडलाही कर लागला. १८४५ मध्ये तो सगळीकडूनच उठला.

कराबरोबर राजकारणही आले. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे पक्षपाती, म्हणजे जॅकोबाइट, गुपचूप बैठका घेत. त्यांच्या पेल्यांवर गुलाब, कळ्या, ओकची पाने कोरलेली असतात. काहींवर हिऱ्याच्या टोकाने स्टुअर्ट राजासाठीची प्रार्थना आणि शेवटी ‘आमेन’ कोरलेले आहे. राजाच्या नावाने पिण्याची वेळ आली की हे लोक पेला पाण्याच्या भांड्यावरून फिरवीत, म्हणजे मनात ‘समुद्रापलीकडचा राजा’, अशी कथा सांगतात. १७४६ मध्ये कलोडेनच्या लढाईत त्यांचा निकाल लागला, पण पेल्यांची किंमत वाढतच गेली आणि जुन्या साध्या पेल्यांवर नंतर गुलाब कोरून विकणारेही निघाले. इथे देठ उपयोगी पडतो. कोरीव काम नंतर करता येते, देठाचा काळ मात्र बदलता येत नाही.

जेवणाच्या टेबलाचाही यात वाटा आहे. अठराव्या शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत इंग्लंडमधल्या श्रीमंती जेवणात पेले टेबलावर मांडलेले नसत. नोकर तबकातून भरलेला पेला आणी, पाहुणा पिऊन परत देई. अशा देवघेवीत वाटीला नोकराची बोटे लागू नयेत तर धरायला बैठक आणि देठ हवाच. १६८३ मध्ये ऑक्सफर्डच्या अँथनी वुड यांनी एका नव्या भांड्याची नोंद केली आहे: काठाला खाचा असलेले घंगाळ, त्या खाचांत पेले बैठकीने उलटे टांगायचे आणि वाट्या खालच्या गार पाण्यात बुडवायच्या. असाच खाचाखाचांच्या काठाचा झगा घालणाऱ्या माँटीथ नावाच्या एका छांदिष्ट स्कॉटवरून त्याला ‘माँटीथ’ नाव पडले, असे वुड सांगतात. आजही बारमध्ये पेले उलटे टांगतात ते बैठकीच्याच आधाराने. डच चित्रकार गेरार्ड द लेरेस यांनी १७०७ च्या आपल्या ग्रंथात, माणूस पेला कसा धरतो यावरून त्याची पायरी कशी दाखवावी, याचे धडेच चित्रकारांना दिले आहेत. मूठभरून धरणारा वेगळा, नाजूक बोटांनी धरणारा वेगळा.

या साऱ्यात आपल्या किनाऱ्याचा एक धागा आहे. डच-जर्मन ‘रोमर’ इंग्लंडमध्ये जाऊन ‘रमर’ झाला. आखूड देठाचा, मोठ्या वाटीचा हा पेला जॉर्जियन काळात घरोघरी होता. त्याचा रम या दारूशी मुळात संबंध नाही, पण नावाच्या ओढीने लोकांनी तो जोडला. त्या रमरमधून गरम पाणी, साखर आणि व्हिस्की घालून जे पीत ते ‘टॉडी’, आणि हा शब्द आपल्या ताडीचा. माडांच्या आणि ताडांच्या देशातला रस स्कॉटलंडच्या थंडीत पोहोचेपर्यंत त्याचे नाव तेवढे उरले होते. ‘पंच’ हे पेय तर नाव आणि माल दोन्ही घेऊन गेले. पाच जिनसांचे म्हणून पंच, अशी व्युत्पत्ती पूर्वापार दिली जाते. माडाच्या ताडीपासून गाळलेल्या गोव्याच्या अरकाला इंग्रज पंचासाठी खास मान देत. लंडनच्या पिळाच्या देठावर गोव्याचा अरक उभा राहिला असेल, असे म्हणायला त्यामुळे चांगला आधार आहे.

एकोणिसाव्या शतकाबद्दल मी थोडक्यात लिहिले आहे. एकामागून एक पदार्थ वाढण्याची रशियन रीत रूढ झाली, प्रत्येक पाहुण्यासमोर पेल्यांची ओळ लागली, आणि कारखान्यांनी एकाच देठावर लहानमोठ्या वाट्यांचे संच विकायला सुरुवात केली. फ्रान्सच्या बाकारा कारखान्याचा १८४१ चा ‘आर्कूर’ हा पैलूदार पेला त्या काळाचा आदर्श नमुना. शब्दांची गर्दीही याच काळानंतर वाढत गेली आणि तिच्यात नाव ठेवण्याच्या तऱ्हा दिसतात. ट्यूलिप आणि फ्लूट ही डोळ्यांनी ठेवलेली नावे, ब्रँडीचा ‘स्निफ्टर’ नाकाने ठेवलेले. ‘हरिकेन’ वादळी कंदिलाच्या आकारावरून. ‘निक अँड नोरा’ १९३४ च्या ‘द थिन मॅन’ चित्रपटातल्या नवरा-बायकोवरून, तेही १९८० च्या दशकात. शँपेनची पसरट ‘कूप’ मारी आंत्वानेतच्या स्तनावरून घडवली ही कथा निव्वळ कथा आहे. या राणीसाठी केलेले स्तनाच्या आकाराचे भांडे खरोखर होते, पण ते राम्बुइयेच्या दूधघरासाठी सेव्हर कारखान्याने घडवलेले चिनी मातीचे भांडे.

विसाव्या शतकात वाटी पुढे आली. ऑस्ट्रियाच्या क्लाउस रीडेल यांनी १९५८ मध्ये बर्गंडीसाठी केलेला अवाढव्य वाटीचा, निव्वळ साध्या देठाचा पेला न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. १९७७ च्या आंतरराष्ट्रीय मानकाने चव-परीक्षेच्या पेल्याची मापे ठरवून टाकली: वाटी १०० मिलिमीटर, देठ आणि बैठक मिळून ५५, देठाची जाडी ९. साप आणि सिंहमुखांच्या वंशजाला शेवटी मानकांच्या दप्तराने नऊ मिलिमीटरवर आणून बसवले. प्रत्येक वाइनला वेगळी वाटी विकताना ‘जिभेच्या नकाशा’चा, म्हणजे गोड टोकाला आणि कडू मागे या समजाचा, आधार पुष्कळ दिवस घेतला गेला. तो नकाशाच चुकीचा निघाला. वाटीच्या आकाराला अर्थ नाही असे मात्र नव्हे. तोक्योच्या संशोधकांनी २०१५ मध्ये पेल्याच्या तोंडावरची अल्कोहोलची वाफ कॅमेऱ्यात टिपली, तेव्हा १३ अंशांवरच्या वाइनच्या पेल्यात ती काठाशी कड्यासारखी जमलेली आणि मध्यभागी विरळ दिसली. सरळ पेल्यात आणि मार्टिनीच्या पेल्यात तसे कडे दिसले नाही. या प्रयोगात देठाला काहीच भूमिका नव्हती. हाताची ऊब वाइनला लागू नये हे देठाचे आजचे समर्थन आहे. पण २००४ मध्ये रीडेल घराण्यानेच बिनदेठाचे पेले बाजारात आणले आणि लोकांनी ते आनंदाने घेतले.

मराठी वाचकाला हा विषय आता अगदीच परका नाही. नारायणगावला १९८० च्या दशकात फसफसणारी वाइन होऊ लागली, २००० पासून नाशिकची वाइन बाजारात येऊ लागली, २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले. आज नाशिकच्या चवघरांत सहलीला आलेल्या कुटुंबांना पेला देठाला धरायला शिकवतात. काचकामही आपल्या मुलखाला नवे नाही. तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडातून काच कारखाना उभा राहिला, ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील खेडोपाडी गेला. भट्टी, मूस, रस, फुंकनळी हे शब्द त्यामुळे या पुस्तकाला आयते मिळाले. देठाच्या पेल्याला मराठी घरात गिऱ्हाईक नव्हते, म्हणून त्याचे शब्द तेवढे जुळवावे लागले.

वर्गीकरणात मी जुन्या अभ्यासकांच्या वाटेनेच गेलो आहे. आल्बर्ट हार्टशॉर्न यांनी १८९७ मध्ये जुन्या इंग्रजी पेल्यांवरचा पहिला मोठा ग्रंथ लिहिला. बॅरिंग्टन हेन्स यांनी १९४८ मध्ये अठराव्या शतकातल्या पेल्यांचे गट पाडले, तेही मुख्यतः देठांवरून. त्यांच्या कोष्टकांना अपवाद सापडत राहतात, पण नवशिक्याला त्याहून चांगली सुरुवात नाही.

वाचकाने हे पुस्तक सलग वाचावे असा आग्रह नाही. मात्र जवळपास जिथे युरोपीय काच पाहायला मिळेल, उदाहरणार्थ हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात, तिथे ते बरोबर न्यावे. पेल्यासमोर उभे राहिल्यावर माहितीची पाटी शेवटी वाचावी. आधी देठ पाहावा: भरीव की पोकळ, साधा की पिळाचा, किती गाठींचा, वाटीतून ओढलेला की वेगळा करून जोडलेला. मग वाकून बैठकीकडे पाहावे. तिचा काठ दुमडलेला आहे का? कारागिराची लोखंडी सळई तोडल्याची खरखरीत खूण मध्यभागी आहे की घासून काढली आहे? एवढ्यावरून काळ आणि देश यांचा अंदाज बांधावा आणि मगच पाटी पाहावी. अंदाज जुळला तर उत्तम. नाही जुळला तर पाटी लिहिणाऱ्याने देठ नीट पाहिला होता का, हेही तपासण्याइतकी तयारी पुढची प्रकरणे करून देतील.